पदक गळ्यात नव्हतं: खाशाबा जाधवांच्या एका डिजिटल चित्राची हकिगत

२०२५च्या श्रावणात गावाकडून वस्तादांचा फोन आला. "पोरा, जानेवारीच्या पंधराला खाशाबांची शंभरावी जयंती हाय. तालमीत त्यांचा मोठा फोटू लावायचा म्हणतोय. बाजारातला नको. तू काढ."

आमचं गाव कराडच्या पट्ट्यातलं. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबांचं गोळेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर. माझे आबा तरुणपणी तालमीत जायचे आणि १९५२ साली खाशाबा हेलसिंकीहून परतले तेव्हा कराड स्टेशनावर जमलेल्या गर्दीत होते. शंभरावर बैलगाड्या होत्या, एरवी पाऊण तासाचीही नसलेली वाट त्या दिवशी सात तास चालली, असं ते सांगायचे. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की बैलांच्या घुंगरांचा आवाज मला स्वतःच्या आठवणीतला वाटतो. त्यामुळे वस्तादांना होकार द्यायला मी क्षणभरही थांबलो नाही. चित्र काढणं हाच माझा रोजचा धंदा, पुण्यात बसून टॅब्लेटवर करतो. महिन्याभरात होईल असं मी धरलं होतं. लागले पाच महिने, आणि त्यातले तीन फक्त काय काढायचं नाही हे ठरवण्यात गेले. ते कसे गेले ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या माणसाचं चित्र काढायला बसणाऱ्या कुणाचीही गाडी ह्याच वळणांवर अडकेल.

हातात काय होतं

वस्तादांनी जपलेलं वर्तमानपत्राचं एक कात्रण. प्लास्टिकच्या पिशवीत, तेही घडी घातलेलं, कागद चहाच्या रंगाचा झालेला. त्यात छातीपर्यंतचा एक काळापांढरा फोटो, चेहरा काड्यापेटीएवढा. प्रकाश एका बाजूनं, त्यामुळे उजवा कान पूर्ण काळ्या डागात बुडालेला. इंटरनेटवर फोटो मिळतात, पण बरेचसे एकमेकांवरून उतरवलेले, कुणीतरी रंगवलेले, कुणीतरी "साफ" केलेले. मूळ कोणतं हे कळायला मार्ग नाही. कात्रण निदान छपाईच्या शाईपर्यंत तरी नेतं, म्हणून मी तेच धरलं.

ते भिंगाखाली ठेवलं आणि पहिला धडा तिथेच मिळाला. जवळून चेहरा नाहीच. नुसते ठिपके. छपाईच्या जाळीचे लहानमोठे काळे ठिपके, इंचाला साधारण ६५. हात लांब करून धरलं की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि माणूस दिसू लागतो. चेहऱ्याची उंची दीड इंचाच्या थोडी वर, म्हणजे हनुवटीपासून केसांपर्यंत शंभरेक ठिपके. बस्स. खाशाबांच्या चेहऱ्याबद्दल ह्या कागदाला जे काही माहीत आहे ते एवढंच.

आता चित्राचा आकार बघा. तालमीच्या भिंतीसाठी तीन फूट बाय चार फूट ठरलं. छपाईला इंचाला १५० पिक्सेल धरले तर फाइल झाली ५४०० बाय ७२००. त्यात चेहरा दोन फूट उंच, म्हणजे ३६०० पिक्सेल. शंभर ठिपक्यांतून ३६०० पिक्सेल भरायचे. नुसत्या उंचीतच एका ठिपक्याच्या जागी छत्तीस. त्यातला एक खरा, बाकीचे कुणीतरी भरणार. कोण भरणार आणि कशाच्या आधारावर, एवढाच ह्या कामातला खरा प्रश्न होता. पण तो मला तेव्हा असा स्पष्ट दिसला नव्हता.

पहिला खर्डा, आणि तालमीत झालेला विचका

मी सोपी वाट धरली. स्कॅन केलं, ठिपके विरघळवले आणि जुने फोटो सुधारणाऱ्या एका एआय साधनात टाकलं. वीस सेकंदांत चेहरा आला. पापण्यांचे केस, ओठांवरच्या रेघा, त्वचेवरची बारीक छिद्रं, सगळं. दुसऱ्या साधनानं रंग भरले. उजव्या बाजूला गुळगुळीत, नीट वळणाचा कान आला. मी थोडा हात फिरवला, मागे केशरी प्रकाश दिला, गळ्यात तिरंगी फितीचं पदक घातलं आणि प्रिंट काढून गणपतीत गावी नेलं.

वस्तादांनी चष्मा पुसून बघितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग कानावर बोट ठेवलं.

"ह्यो कान कुठनं आणलास?"

मी कात्रण दाखवलं. त्यांनी कात्रणातला काळा डाग दाखवला. "हितं तर कायच दिसत न्हाई. मग तुला कसा दिसला?" आणि मग स्वतःचा कान माझ्यापुढे केला. पैलवानाचा मोडलेला कान, वरची पाळी गड्ड्यासारखी घट्ट झालेली. पकडीत आणि घिस्स्यात कान पुन्हापुन्हा घासला जातो, आत रक्त साकळतं, ते वेळेवर निघालं नाही तर कूर्चा तशीच गोळा होऊन बसते. "खाशाबांचा कसा हुता मला ठावं न्हाई. आमच्यातल्या निम्म्यांचं असं हाईत. पर तू गुळगुळीत काढलास. ह्यो पैलवान न्हाई बाबा, ह्यो पोस्टरवरला हिरो झाला."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. चित्राला नावं ठेवली म्हणून नाही. ज्या माणसाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलो त्याच्या तोंडावर मी कुणा भलत्याच माणसाची कातडी चिकटवली होती, आणि मला ते कळलंही नव्हतं, म्हणून. ते साधन खोटं बोलत नाही, त्याला खाशाबा माहीतच नाहीत. त्यानं लाखो चेहऱ्यांची सरासरी काढून जिथे भोक दिसलं तिथे बुजवलं. सरासरी माणसाचा कान मोडलेला नसतो. सरासरी माणूस गोळेश्वरच्या मातीतून हेलसिंकीला जात नाही.

त्या रात्री मी फाइल पुसून टाकली. तिची एक प्रतही ठेवली नाही.

फीत शोधायला गेलो

पदकावरून मात्र वाद झाला. तालमीतल्या पोरांना पदक गळ्यात हवं होतं. पदक नाही तर लोकांना कळणार कसं, हा त्यांचा मुद्दा, आणि तो चुकीचा नव्हता. मीही मानलं. फक्त ह्या वेळी फीत नीट काढायची ठरवली आणि १९५२च्या फितीचा रंग कोणता होता ते शोधायला बसलो.

फीतच नव्हती. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पदक गळ्यात घालायची पद्धत १९६०च्या रोम ऑलिंपिकपासून आली. त्याआधी पदक हातात दिलं जाई. हेलसिंकीत खाशाबांच्या गळ्यात काही पडलं नाही, ते त्यांनी हातात घेतलं. आज जयंतीच्या फलकांवर, शुभेच्छांच्या चित्रांत त्यांच्या गळ्यात जे पदक दिसतं ते नंतरच्या काळातून उसनं आणलेलं असतं.

हे पोरांना सांगितलं तेव्हा कुणीच हट्ट धरला नाही. एकानं विचारलं, "मग केवढं हुतं?" आणि ह्या प्रश्नानं चित्राची खालची बाजू ठरली.

हेलसिंकीच्या पदकाचा व्यास ५१ मिलिमीटर. पुढच्या बाजूची विजयदेवता इटालियन शिल्पकार जुझेप्पे कासिओली यांनी १९२८च्या ऑलिंपिकसाठी घडवलेली. बसलेली देवी, एका हातात खजुराच्या जातीच्या झाडाची झावळी, दुसऱ्या हातात विजेत्याचा मुकुट. मी ठरवलं की पदक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, चेहऱ्यापासून वेगळं आणि खऱ्या मापात काढायचं. ५१ मिलिमीटर म्हणजे दोन इंचांहून केसभर जास्त, म्हणजे माझ्या फाइलमध्ये ३०१ पिक्सेल. चार फुटांच्या चित्रात ते इतकं लहान दिसतं की लांबून एखादं नाणं पडल्यासारखं वाटतं. जवळ जावंच लागतं.

ह्या दोन इंचांसाठी काय काय लागलं ते मला त्या कोपऱ्यात शब्दांनी लिहायचं नव्हतं, पण काढताना ते सतत डोक्यात होतं. १९४८ला लंडनला ते पहिल्यांदा गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. मातीतला मल्ल तिथे गादीवर उभा राहिला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीसाठी पुन्हा पैशांची वणवण. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. गावानं वर्गणी काढली. एका शिक्षकाचं घर आणि गावोगावच्या मुठी त्या दोन इंचांत आहेत. पुढे बँटमवेट गटात, ५७ किलोला, कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवून ते वर गेले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी मोठी झुंज झाली, त्यात हरले. लगेच पुढची कुस्ती सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी. दोन कुस्त्यांमध्ये मिळायला हवी ती विश्रांती मिळाली नाही आणि भारतातर्फे तिथे भांडायला कुणी अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. इशींना सोनं, मम्मदबेयोवना रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक थेट १९९६ला, अटलांटात, लिअँडर पेसचं. मधे चव्वेचाळीस वर्षं.

रंगाचा प्रश्न

कान आणि पदक सुटलं तरी चेहऱ्याचा रंग उरला होता. काळापांढरा फोटो माणूस किती सावळा, किती गोरा हे सांगत नाही. प्रकाश जरा जास्त असला की गव्हाळ माणूस गोरा दिसतो. रंग भरणारी साधनं तर आपल्याकडच्या माणसाला हमखास पिवळट करतात किंवा दोन छटा उजळ. आणि खरं सांगायचं तर हाताला सवय लागलेली असते. आदराचं चित्र म्हटलं की चेहरा उजळायचा, गालावर लाली आणायची, मागे तेजोवलय ठेवायचं. महापुरुषांच्या कॅलेंडरांनी आपले डोळे असेच घडवले आहेत. मला माझ्याच हातावर भरवसा उरला नव्हता.

उत्तर मिळालं ते तालमीतच. दिवाळीला गेलो होतो. पहाटे पोरं हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरत होती. ती माती नुसती तांबडी नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर मुरवलेला असतो, पिढ्यान्‌पिढ्या. कोरडी असताना ती फिकट विटेसारखी दिसते, पाण्याचा हात मारला की गडद, जवळजवळ काळपट लाल. एक पोरगा उठला तेव्हा त्याचं सगळं अंग, चेहरा, भुवया, त्याच मातीच्या रंगाचे झाले होते. गोरा की सावळा कळायला जागाच नव्हती. तालमीत सगळे त्याच एका रंगाचे होतात.

मी चेहरा मातीच्याच छटांत काढायचं ठरवलं. दुसरा रंग नाही.

मातीचे तीन नमुने घेतले: हौद्याच्या कडेची कोरडी, पाणी शिंपडलेली ओली, आणि वस्तादांच्या तळहाताला चिकटलेली. तिन्ही पांढऱ्या कागदावर ठेवून सकाळी दहाच्या सुमारास सावलीत फोटो काढले. कागद अशासाठी की कॅमेरा स्वतःच्या मर्जीनं रंग बदलतो. कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो दुरुस्त केला की मातीही आपल्या रंगावर येते. उन्हात काढू नका, मातीतलं तेल चमकतं आणि छटा फसते.

चित्र क्रिता ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं. फुकट मिळणारं आहे आणि एवढी मोठी फाइल माझ्या जुन्या संगणकावरही ओढतं. आधी पूर्ण चेहरा फक्त करड्या छटांत. ठिपके विरघळवलेला स्कॅन एका लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका सुट्या थरावर, फिका करून ठेवला आणि वर मोठ्या ब्रशनं फक्त उजेड आणि सावलीचे तुकडे मांडले. एक नियम घालून घेतला: कात्रण हातभर लांब धरून जे दिसतं तेवढंच काढायचं. पापणीचा एकेक केस दिसत नाही, मग तो नाही. डोळ्याखालची सावली दिसते, मग ती पूर्ण ताकदीनं. पडद्यावर चित्र कायम छोटं करून बघायचो, जवळ गेलो की हात बारकावे रचायला लागतो. त्यानंतर ग्रेडियंट मॅप लावला. म्हणजे काळ्याच्या जागी ओल्या मातीची छटा, मधल्या करड्याच्या जागी कोरडी, पांढऱ्याच्या जागी हळदीची झाक असलेला कागदी रंग. एका क्लिकचं काम. त्या क्लिकनंतर मी खुर्चीत मागे टेकलो आणि काही वेळ तसाच बसून राहिलो. आबांनी सांगितलेला माणूस पहिल्यांदा समोर आल्यासारखं वाटलं.

उजव्या बाजूला मी काही काढलं नाही. गालाची कड सावलीत जाते, तिथून पुढे ओल्या मातीची सपाट गडद छटा. कान त्या सावलीत आहे. तो तिथे आहे हे कळतं, कसा आहे ते कळत नाही.

छपाई

इथे घाई केली आणि पैसे गेले. पहिला पूर्ण प्रिंट फ्लेक्सवर काढायला दिला. माती भगवी होऊन आली. छापणाऱ्यानं फाइल उघडल्यावर रंग "उठून दिसावेत" म्हणून वाढवले होते, चांगल्या हेतूनंच. शिवाय पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, छपाईचा शाईचा. तांबड्याच्या काही छटा शाईला गाठताच येत नाहीत, त्या एकतर मळतात किंवा भडकतात. फ्लेक्सची चमकही तालमीतल्या ट्यूबलाइटखाली डोळ्यांत जायची.

दुसऱ्या वेळी कॅनव्हास घेतला, मॅट वार्निशचा. आधी बारा इंचांची एकच पट्टी छापून मागितली, ज्यात कपाळाचा उजेड, गालाची मधली छटा आणि कानाकडची सावली तिन्ही येतील. फाइलसोबत लिहून दिलं की रंगात काहीही दुरुस्ती करायची नाही. पट्टी गावी पाठवली. वस्तादांनी ती हौद्यातल्या मातीवर ठेवून मोबाइलवर फोटो पाठवला. सावली थोडी हिरवट वाटत होती. ट्यूबलाइटचा दोष होता, पण चित्र त्याच ट्यूबखाली राहणार होतं. मी गडद छटेत लाल थोडा वाढवला. तिसऱ्या पट्टीला वस्तादांचा निरोप आला, "जमलं."

लावायची भिंतही बदलली. पोरांनी मारुतीच्या समोरची भिंत ठरवली होती. पण तालमीला एकच खिडकी, आणि चित्रातला उजेड ज्या बाजूनं येतो तिच्या नेमका उलट तिथे खिडकीचा उजेड पडायचा. शेजारच्या भिंतीवर लावल्यावर खिडकीतला आणि चित्रातला प्रकाश एकाच दिशेनं यायला लागला. हौद्याला पाणी मारतात, ओल धरते, म्हणून मागे लाकडी पट्ट्या ठोकून चित्र भिंतीपासून बोटभर सुटं ठेवलं.

खाली फक्त नाव आणि साल: खाशाबा दादासाहेब जाधव, १९२६–१९८४. विशेषणांची यादी पोरांनी करून ठेवली होती, तिच्यातलं काही घेतलं नाही. १९५५ला ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, सत्तावीस वर्षं नोकरी केली, निवृत्तीनंतर १४ ऑगस्ट १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर मिळाला. १५ जानेवारी २०२३ला गूगलनं आपल्या पहिल्या पानावर त्यांचं डूडल लावलं तेव्हा देशातल्या कितीतरी लोकांनी हे नाव पहिल्यांदा वाचलं असेल. आमच्या तालमीत ते कुणाला वाचून दाखवायची गरज नव्हती.

पंधरा जानेवारीला नारळ फुटला. लोक आधी लांबून बघत, मग खालच्या कोपऱ्याकडे वाकत. बारीक पोरं तर पदकावर तळहात ठेवून माप घेत होती. एकीनं, तिसरीतली असेल, आपली पूर्ण मूठ त्यावर ठेवली आणि मुठीनं ते झाकलं. तिच्या आईला ती म्हणाली, "एवढंच?" आईनं तिला उचलून घेतलं आणि सात हजार रुपयांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी थोडा वेळ तिथेच मागे उभा राहून ती ऐकली.

वस्ताद मात्र कानाच्या बाजूला उभे होते. "बरं केलंस," एवढंच म्हणाले.

फाइल माझ्याकडे सगळ्या लेयरांसकट आहे. त्यात सगळ्यात वर एक पारदर्शक, रिकामा लेयर आहे, नाव दिलंय "उजवा कान". कुणाच्या घरी, जुन्या ट्रंकेत, ती बाजू स्पष्ट दिसेल असा फोटो निघाला तर तो भरीन आणि कॅनव्हास नवा छापून नेईन.